सड्याचं साल

त्या दिवसांत माणसं भेटली की पाऊसपाण्याच्या आधी साल विचारायची.

"तुमच्या डोंगराला कोणतं लावलंत?"

"पंचाऐंशी. आणि तुमच्या?"

"आमचं अजून भांडण चाललंय."

घाटावरच्या एका गावाने सरपंचांच्या जन्माचं साल म्हणून टेकडीला बहात्तर लावून घेतलं. बहात्तरला दुष्काळ होता हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पुढचे दोन पावसाळे धो धो पडूनही त्या टेकडीवर कुसळापलीकडे काही उगवलं नाही, आणि सरपंच पुढच्या निवडणुकीत पडले. आणखी कुठे एका रिसॉर्टवाल्याने 'आजोबांचा पावसाळा' अशी पाटी लावून तिकिटं विकली. ज्याला त्याला आपलं लहानपण परत हवं होतं, आणि एका यंत्राच्या कृपेने ते मिळू लागलं होतं.

यंत्राचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. लोक त्याला 'उलटं पंचांग' म्हणत. ते घेऊन ओवी नागवेकर दिवाळी झाल्यावर नाणेवलीला आली, तेव्हा तिच्या आईने, शरयूने, आठ दिवस आधीपासून पडवी झाडून ठेवली होती. लेक येणार म्हणून, की पंचांग येणार म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

नाणेवली हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीच्या वरच्या अंगाला वसलेलं गाव. गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे काळपट तांबूस कातळाचं ऐसपैस पठार. वैशाखात त्यावर अनवाणी पाय ठेवला तर फोड यावा, आणि श्रावणात त्याच कातळाच्या खळग्याखळग्यातून फुलं उकळून वर यावीत, असा त्याचा स्वभाव. निदान पूर्वी तरी होता. मग चिरेखाणी आल्या, बागांसाठी कातळ फोडायला सुरुंग लागले, आणि उरलेल्यात घाणेरीची काटेरी झुडपं घुसली. गावाने जागं होऊन सडा राखीव करून घेतला तोवर बराच उशीर झाला होता. शरयू तेव्हा हायस्कुलात भूगोल शिकवायची. राखीवची समिती झाली, तिची अध्यक्ष तीच झाली आणि पुढे तीच राहिली. ग्रामपंचायतीबाहेर तिने एक फळा टांगला होता: 'या आठवड्यात सड्यावर'. कोणती फुलं उमलली, कोणते किडे दिसले, वारुळावर अळंबी आली का, हे पावसाळाभर दर रविवारी त्यावर लिहायचं. आधी फळा पुरायचा नाही. अलीकडे खडूही झिजत नव्हता.

ओवीने यंत्र सड्यावर नेलं तेव्हा अर्धं गाव मागे होतं. बघण्यासारखं त्यात फारसं नव्हतं. जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी, आणि पेन्सिलीच्या जाडीची पोकळ नळी. ती कातळातल्या खळग्यात साठलेल्या मातीत हलकेच उतरवायची. कातळावरची माती पावसाबरोबर सरकते आणि खळग्यात बसते, दरवर्षी कागदाएवढा एक थर. त्या थरात त्या वर्षीच्या सगळ्या जीवांचा अंश अडकतो: परागकण, पंखाचा तुकडा, बुरशीचे बीजाणू, मेलेल्या मुळाची पेशी. चिकणमातीचे कण त्यांतला डीएनए घट्ट धरून ठेवतात. पेटी तो वाचते आणि सांगते, अमुक साली इथे कोण कोण राहत होतं.

इतकं तर आधीपासूनच जमत होतं. ओवीच्या बंगळुरूच्या संस्थेने पुढची पायरी गाठली होती. मातीत नुसता डीएनए नसतो, झोपलेलं बीही असतं, आणि त्या त्या वर्षीच्या बुरशीचे वाळलेले बीजाणूही. जमिनीखाली खरी मालकी बुरशीचीच. कोणत्या मुळाला पाणी पोचवायचं आणि कोणाला उपाशी ठेवायचं, हे तिचे धागे ठरवतात. हव्या त्या सालच्या बुरश्या प्रयोगशाळेत वाढवून पावसाआधी मातीत परत घातल्या, की त्या आपल्या ओळखीच्या बियांना उठवतात, पोसतात, आणि नंतर आलेल्यांना बेदखल करतात. दोन-तीन पावसाळ्यांत जमीन त्या सालात जाते.

"फक्त एक आहे," ओवीने पहिल्याच दिवशी सांगितलं. "बी एकदा उठलं की परत झोपत नाही. म्हणजे साल एकदाच लावता येतं. चुकलं तर चुकलं. आणि किडे मातीतून उठत नाहीत. ते आसपास कुठे उरले असतील तर येतील. त्यांना बोलावणं करता येतं, ओढून आणता येत नाही."

संध्याकाळी पडवीत बसून तिने आईला थर वाचून दाखवले. ओवी तशी मितभाषी. वडील गेल्यापासून दोघींचं बोलणं फोनवर तब्येत आणि गॅस सिलिंडर यांच्यापुढे सरकत नसे. पण त्या दिवशी शरयूने खुर्ची पुढे ओढली.

"अठ्ठ्याण्णव वाच."

"तेरडा," ओवी पडद्यावर बघत म्हणाली. "भरपूर. सीतेची आसवं. गेंद. दवबिंदू. कळलावी. दीपकाडी. वारुळाची अळंबी, तीन प्रकार. सोनपाखरू..."

"सोनपाखरू!" शरयूने तोंडावर हात धरला. "अगं, काडेपेटीत घालून शाळेत न्यायचो आम्ही. हिरवंगार, चकचकीत. अंडी घातली की वर्गभर मिरवायची."

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात ती अकरा वर्षांची होती. गौरी आणायला थोरल्या बहिणीबरोबर, इंदूताईबरोबर, सड्यावर गेली होती. कोकणात तेरड्याची गौर असते. इंदूताईने मुळासकट तेरडा उपटून तिच्या हातात दिला होता, कळलावीची लालपिवळी फुलं गौरीचे हात म्हणून वेगळी बांधली होती, आणि दोघी इतक्या हसत उतरल्या होत्या की वाटेत अर्धी गौर सांडली. पुढच्या वैशाखात इंदूताईचं लग्न होऊन ती बेळगावला गेली. पहिली चिरेखाणही त्याच वर्षी सुरू झाली. शरयूच्या मनात या दोन गोष्टी कायमच्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

"आई, रडतेस?"

"नाही गं. पुढचं वाच."

पण ओवीने पुढचं साल वाचलं नाही. पेटी मिटली आणि म्हणाली, "दमले मी."

समितीची बैठक शाळेत भरली. शरयूने अठ्ठ्याण्णव मांडलं आणि असं मांडलं, की वयस्कर मंडळींचे डोळे ओलावले आणि तरुणांना आपण काहीतरी गमावलं असं वाटू लागलं. एकटी रुकय्या मुकादम मागच्या बाकावरून बोलली. रुकय्या शरयूची शाळेपासूनची मैत्रीण, आता मोहल्ल्यातली मासळी सुकवण्याची संस्था चालवायची.

"काय गो शरयू, अठ्ठ्याण्णव म्हणजे विहीर आटली तेच ना? मे महिनाभर सड्यापलीकडच्या झऱ्यावरून हंडे आणले मी. तुला फुलं आठवतात, मला तळपायाचे फोड आठवतात. साल तेच."

लोक हसले. शरयूही हसली, पण थोडी ओशाळून.

"मग तुझं मत विरोधात लिहू?"

"नको. श्रावणात फुलं बघायला मला कुठे फुरसत होती? आता बघेन." रुकय्याने हात वर केला.

ठराव झाला. ओवी खिडकीशी उभी होती. कुणीतरी तिला विचारलं, "ताई, तुमचं काय म्हणणं?" तर म्हणाली, "समिती ठरवेल तसं. मी यंत्र चालवणारी."

मग आखणीचं काम सुरू झालं. बुरशी कुठे किती घालायची यासाठी सड्याचे तुकडे पाडून खुणा करायच्या होत्या. ओवी पहाटे निघायची आणि उन्हं चढली की परतायची. आठवडाभरात सगळा सडा आखून झाला, फक्त पूर्वेकडचा घाणेरीचा पट्टा राहिला. तो उद्यावर, परवावर गेला. "तिथे साप फार," ती म्हणायची. शरयूला नवल वाटलं. या पोरीने सापाला भ्यावं!

एका सकाळी ती स्वतःच वर गेली. घाणेरीच्या त्या रानात ती आयुष्यात क्वचितच आली होती. माणसापेक्षा उंच झुडपं, काट्यांची गुंतवळ, आणि त्यांवर केशरी-गुलाबी फुलांचे गेंद. आत बोगद्यासारखी वाट होती. वाकून आत शिरली तर मध्ये थोडी मोकळी जागा, आणि तिथे ओवी मांडी घालून बसलेली. तिच्या डोक्यावर शेकडो फुलपाखरं. पांढरी, पिवळी, ठिपक्यांची. आणि त्या सगळ्यांच्या वरून एक मोठं काळं-निळं फुलपाखरू संथपणे निघून गेलं.

"तलाठी," ओवी आपोआप बोलली, आणि मग तिला आई दिसली.

"कोण तलाठी?"

"बाबांनी नावं ठेवली होती. या पिवळ्या म्हणजे शाळेच्या पोरी, घोळक्याने येतात. आणि तो निलवंत म्हणजे तलाठी. वर्षातून कधीतरी येतो आणि कुणाच्या हाती लागत नाही." ती हसली. "दर रविवारी यायचो आम्ही. हा बोगदा बाबांनीच कोयत्याने केला. आता इतकी वर्षं रानडुकरं मोकळा ठेवतायत वाटतं."

शरयू तिथेच टेकली. तिचा नवरा निनाद रविवारी लेकीला घेऊन 'फिरायला' जायचा, एवढंच तिला ठाऊक होतं. तिने कधी बरोबर जायचं मनावर घेतलं नव्हतं. ज्या सड्यावर घाणेरी माजली तो तिला बघवायचा नाही. घरी परतलेल्या बापलेकींच्या कपड्यांना तो उग्र वास यायचा आणि ती कपडे वेगळे भिजत घालायची.

"मला का नाही सांगितलंस? मी अठ्ठ्याण्णव मांडलं तेव्हा?"

"काय सांगायचं? घाणेरी ठेवा म्हणून?" ओवीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आई, मी हेच शिकलेय. हे झुडूप दुसऱ्या कशालाही उगवू देत नाही. दहा वर्षांत उरलेला सडाही खाईल. घाणेरी जायलाच हवी, मीच लिहून देईन. पण माझं लहानपण घाणेरीतच गेलं, त्याला मी काय करू? तुझं फुलांत गेलं. तुझं नशीब चांगलं."

वर शाळेच्या पोरी भिरभिरत होत्या. शरयू वर बघत म्हणाली, "त्या पांढऱ्या ठिपक्यांच्याला काय म्हणायचा तो?"

"पोस्टमन."

तिसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता शरयूने विचारलं, "ओवी, साल न लावता उठवता येतं?"

"म्हणजे?"

"बी उठवायचं. पण कुठल्या सालचं ते आपण नाही ठरवायचं."

ओवीने कप खाली ठेवला. मग हळूहळू बोलू लागली, आणि बोलता बोलता तिच्यातली शास्त्रज्ञ जागी झाली. वणवा लागून गेला की जमिनीतलं बी उठतं, ते धुरातल्या एका रसायनाने. धूर पाण्यात मुरवून ते पाणी मातीत सोडलं, तर जे जे बी जिवंत असेल ते सगळं उठेल, शंभर वर्षांपूर्वीचं आणि गेल्या वर्षीचं एकदमच. बुरशी आहे तीच राहील. मग कोण तगेल ते त्यांचं त्यांनी बघायचं. घाणेरी मात्र आपोआप मरणार नाही, दरवर्षी हाताने उपटावी लागेल.

"कुणी केलंय असं?"

"कोण करेल? सगळ्यांना साल हवं असतं. यात काय मिळेल सांगताच येत नाही. कदाचित सगळं उठेल आणि मुळाशी कुणी पोसणारं नाही म्हणून सगळंच मरेल. मग मातीत काहीच उरणार नाही. अठ्ठ्याण्णवसुद्धा नाही, कधीच नाही." ती थांबली. "माझ्यासाठी करत असशील तर नको, आई. घाणेरी यातही जाणारच आहे."

"तुझ्यासाठी थोडं. पण त्या रानात बसले तेव्हा मला वाटलं, मी सड्याला म्हणतेय, माझ्या अकराव्या वर्षी परत ये. त्याने का यावं?"

दुसरी बैठक वाईट झाली. लोकांना अठ्ठ्याण्णवची गोडी लावणारी हीच बाई आता ते नको म्हणत होती.

"मिळणार काय नक्की?" शिवलकरभाऊ ओरडले. त्यांनी मुंबईच्या नातवंडांना श्रावणात बोलावूनही ठेवलं होतं.

"माहीत नाही, भाऊ."

"मग करायचं कशाला?"

"माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. अठ्ठ्याण्णव लावलं तर तेच साल दरवर्षी बघत बसू. ते माझं आहे. रुकय्याचंसुद्धा नाही. तुमच्या नातवंडांपैकी तर कुणाचंच नाही."

शिवलकरभाऊ आणि आणखी दोघे राजीनामा देऊन उठले. ठराव कसाबसा, रुकय्याच्या हाताने तरला. बाहेर पडताना रुकय्या म्हणाली, "नाही उगवलं काही, तर गाव तुला सोडणार नाही हां."

"तू तरी सोडशील ना?"

"सोडते कसली! पहिली मीच धरेन."

चैत्रात घाणेरी काढली. पहारी, कुदळी, कोयते घेऊन येतील तेवढी माणसं आली. पूर्वेकडचा पट्टा ओवीने स्वतः मागून घेतला. शरयू तिच्या शेजारी होती. मधल्या जागेपाशी पोचल्यावर ओवी क्षणभर थांबली, मग तिने पहार मुळाशी घातली. दुपारपर्यंत तिथे नुसता आकाशाखालचा कातळ उरला. दोन-चार फुलपाखरं येऊन, कुठे बसावं न कळून, घिरट्या घालून गेली. ओवीने आपले तळवे नाकाशी नेले आणि तशीच उभी राहिली. पाल्याचा तो उग्र वास. शरयूने तिचा एक हात ओढून घेतला आणि तिनेही तो हुंगला. निनादच्या सदऱ्यांचा वास होता. या वेळी तिने तोंड फिरवलं नाही.

मग धुराचं पाणी दिलं, आणि पाऊस लागला.

आषाढभर सड्यावर हिरवा चिखल. बी उठलं होतं, अमाप उठलं होतं, पण उठलेलं रोपटं चार पानांवर पिवळं पडायचं आणि कुजायचं. ओवी मुक्काम वाढवून राहिली होती, पाठीवर इरलं घेऊन दिवसभर वर बसायची. शरयूने फळ्यावर दर रविवारी खरं ते लिहिलं: 'या आठवड्यात सड्यावर रोपं मेली.' शिवलकरभाऊ फळ्यासमोर उभे राहून मुद्दाम मोठ्याने वाचत.

श्रावणात मरण थांबलं. जे तगलं ते आपल्या पायावर उभं राहिलं. तेरडा आला, पण विरळ, आणि गुलाबीऐवजी फिकट पांढरा. दीपकाडी दोनच ठिकाणी. गेंद खूप. कळलावी एकही नाही. सोनपाखरू आलं नाही. शरयू ते शोधत बाभळीच्या पाल्यापाल्यातून फिरली आणि एका दुपारी तिने ते शोधणं सोडलं. गौरीपुरता तेरडा मिळाला. तो घेऊन तिने इंदूताईला फोनवर दाखवला. इंदूताई थकलेल्या आवाजात म्हणाली, "पांढरी गौर? असू दे. छान दिसते."

गौरी गेल्यावर रुकय्या पहिल्यांदा फुलं बघायला म्हणून सड्यावर आली. तिघी जुन्या चिरेखाणीच्या काठाने चालल्या होत्या. खाणीच्या उभ्या भिंतीत, एका फटीतून ओल झिरपत होती तिथे, रुकय्या थबकली.

"हे कसलं गो फूल? राखेच्या रंगाचं."

ओवी गुडघ्यांवर बसली. काडेपेटीच्या काडीएवढी उंची, पान नाही, टोकाला करडी, नळीसारखी तीन फुलं, आत तळाशी गडद जांभळा ठिपका. तिने पेटीची नळी हलकेच मुळाजवळच्या मातीला लावली आणि वाचलेलं आधीच्या सगळ्या थरांशी जुळवत पडद्याकडे बघत राहिली.

"सगळ्यात खालच्या थरात आहे हे," ती कुजबुजली. "जिथे सालं मोजता येत नाहीत तिथे. त्यानंतर कुठेच नाही. नावही जुळत नाही कशाशी."

"म्हणजे कुणी पाहिलंच नाही हे?" रुकय्याने विचारलं.

"पाहिलं असेल. सांगायला कुणी उरलं नाही."

"बिचारं. एकटंच उठलं," शरयू म्हणाली. "आता याला बी धरायला किडा कुठून यायचा? त्याचा किडाही केव्हाच गेला असेल."

खाणीत बेडूक ओरडत होते. तेवढ्यात एक बारीकशी माशी, राखाडी, कुणाचं लक्षही जाणार नाही अशी, भिंतीवरच्या शेवाळावरून उठली. फुलाभोवती तिने एक फेरी मारली. नळीच्या तोंडाशी बसली. आत गेली.

"ही माशी इथली रोजची," ओवी ओठ न हलवता म्हणाली. "शंभरदा पाहिलीय मी. घाणेरीवरसुद्धा यायची."

"बाहेर येईल?"

"शू."

तिघी वाकून, श्वास धरून बघत राहिल्या. शरयूचे गुडघे दुखायला लागले, पण ती हलली नाही. फूल किंचित थरथरलं. मग माशी उलट्या पावलांनी बाहेर आली. तिच्या पाठीवर पिवळा ठिपका होता. पाय झटकून ती उडाली आणि शेजारच्या फुलात शिरली.

ओवीने श्वास सोडला. आईच्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं.

"आई, काय आठवतंय?"

शरयूने जरा विचार केला.

"काही नाही गं," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. "सर येतेय बघ खाडीवरून. छत्री धर, त्या फुलावर धर. आपण भिजलो तर भिजू."